अमेरिकेत फिजिकल थेरपीला जायचंय, पण पदवी भलत्याच विषयाची आहे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत फिजिकल थेरपिस्ट म्हणून काम करताना जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांत सॉफ्टवेअरवाले असतात, बँकेतले असतात, संगीत किंवा इतिहास शिकलेली इथलीच मुलं असतात, मुलं मोठी झाल्यावर पुन्हा शिकू पाहणाऱ्या आयाही असतात. जुन्या पदवीमुळे फारसं कुणाचं अडत नाही. अडतं ते शाळांच्या, म्हणजे हा कोर्स देणाऱ्या विद्यापीठांच्या, अटी न वाचता कोर्स घेतल्यामुळे, आणि अर्जाचा हिशेब उशिरा मांडल्यामुळे. म्हणून उत्तरं जरा खोलात दिली आहेत.

१. माझं बीकॉम झालंय. मी फिजिकल थेरपिस्ट होऊ शकते का?

हो. इथे त्यासाठी डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी, म्हणजे डीपीटी, करावी लागते. ही पदवीनंतरची, साधारण तीन वर्षांची पूर्णवेळ पदवी आहे. आधीची पदवी कोणत्या विषयाची, याला बहुतेक शाळांत महत्त्व नसतं. ठरावीक विज्ञान विषय झालेले असणं मात्र आवश्यक असतं (प्रश्न २). शाळेला कॅप्टी या संस्थेची मान्यता हवी. डीपीटी झाली की एनपीटीई ही राष्ट्रीय परीक्षा द्यायची आणि मग राज्याचं लायसन्स घ्यायचं.

कामावर तुम्हाला मास्टर्स किंवा बॅचलर्स केलेले जुने थेरपिस्ट भेटतील. त्यांचं लायसन्स वैध आहे, पण तो रस्ता आता बंद झाला आहे. २०१६ पासून नव्यांसाठी डीपीटीच.

२. आधी नेमके कोणते विषय करावे लागतात?

यांना प्रीरेक्विझिट म्हणतात. बहुतेक ठिकाणी लागतात ते असे: ॲनॅटॉमी-फिजिऑलॉजीचे दोन कोर्स, जनरल केमिस्ट्रीचे दोन, फिजिक्सचे दोन, हे सगळे लॅबसकट, शिवाय बायॉलॉजीचा एखादा-दुसरा कोर्स, स्टॅटिस्टिक्स आणि सायकॉलॉजी. फिजिक्स सहसा बीजगणितावर आधारलेलं चालतं, कॅल्क्युलसवालं घ्यायची गरज पडत नाही. काही शाळा एक्सरसाइज फिजिऑलॉजी मागतात, काही वरच्या पातळीची बायॉलॉजी, काही डेव्हलपमेंटल सायकॉलॉजी.

घोळ होतो तो या 'काही'मध्ये. म्हणून पहिला कोर्स घेण्याआधी एक तक्ता करा. उभ्या रकान्यांत आठ-दहा शाळा, आडव्या ओळींत विषय, आणि प्रत्येक चौकटीत चार गोष्टी: किती क्रेडिट, लॅब हवी का, किमान ग्रेड काय, आणि किती वर्षांपूर्वीपर्यंतचा कोर्स चालतो. ही शेवटची गोष्ट लोक हमखास विसरतात. पाच, सात किंवा दहा वर्षांपेक्षा जुने विज्ञान कोर्स न स्वीकारणाऱ्या शाळा आहेत. ही माहिती पीटीकॅसच्या शाळांच्या यादीत मिळते. पीटीकॅस म्हणजे बहुतेक शाळांसाठीची एकत्रित अर्ज यंत्रणा. तरी शाळेच्या स्वतःच्या वेबसाइटशी ती पडताळून घ्याच.

३. मला माणसांबरोबर काम करायचंय. फिजिक्स आणि केमिस्ट्री कशाला?

हा प्रश्न वैतागून विचारला जातो, आणि मला तो आवडतो.

स्ट्रोक होऊन तीन दिवस झालेला माणूस. आज त्याला पहिल्यांदा पलंगाच्या कडेला बसवायचंय. कमरेला गेट बेल्ट, म्हणजे रुग्णाला धरून ठेवायचा पट्टा, बांधला, पाय खाली सोडले, एक हात पाठीमागे ठेवून त्याला वर आणलं. तो बसला आणि अर्ध्या मिनिटात चेहरा पांढरा पडला. इतके दिवस आडवं राहिल्यावर एकदम उठलं की रक्त पायांकडे उतरतं, रक्तवाहिन्या वेळेवर आवळत नाहीत आणि दाब पडतो. पुन्हा झोपवायचं, की पायांची हालचाल करायला लावून मिनिटभर थांबायचं, हे तिथल्या तिथे ठरवावं लागतं. ते ठरतं फिजिऑलॉजीवर.

मांडीच्या स्नायूची ताकद तपासताना मी रुग्णाच्या घोट्याजवळ हात ठेवते. तोच जोर गुडघ्याखाली लगेच लावला, तर रुग्णाला तो कितीतरी कमी जाणवेल, कारण सांध्यापासूनचं अंतर घटलं. फिजिक्सच्या पहिल्या सेमिस्टरमधला टॉर्क तो हाच. पंचवीस किलोंनी जड रुग्णाला खुर्चीतून उठवताना स्वतःची पाठ वाचते तीही याच गणितामुळे.

केमिस्ट्री इतकी रोज हाताशी येत नाही, हे मान्य. पण स्नायूला ऊर्जा कशी मिळते, पोटॅशियम घसरलेल्या रुग्णाला आज व्यायाम द्यायचा की नाही, हे समजायला तिचा पाया लागतो. आणि डीपीटीच्या पहिल्या सेमिस्टरचा वेग असा असतो, की पाया तिथे घालायला वेळच मिळत नाही.

४. हे विषय कम्युनिटी कॉलेजमध्ये केले तर चालतात? ऑनलाइन?

कम्युनिटी कॉलेज, म्हणजे दोन वर्षांचं स्थानिक सार्वजनिक कॉलेज, बहुतेक शाळांना चालतं आणि खर्च खूप कमी येतो. नोकरी करणाऱ्यांसाठी तिथे संध्याकाळचे वर्गही असतात. मोजक्या शाळा विज्ञान विषय चार वर्षांच्या विद्यापीठातूनच मागतात. तुमच्या तक्त्यात अशी शाळा असेल तर ते आधीच लिहून ठेवा.

ऑनलाइन थिअरीला आता फारशी हरकत घेतली जात नाही, ऑनलाइन लॅबबद्दल मात्र शाळाशाळांत फरक आहे. युनिव्हर्सिटी ऑफ न्यू इंग्लंडसारखी विद्यापीठं हे विषय ऑनलाइन देतात आणि अनेकांची त्यामुळे सोय होते. तरी ॲनॅटॉमीची लॅब शक्य असेल तर प्रत्यक्ष वर्गातच करा असं मी सांगेन. हाडाचा उंचवटा बोटाखाली जाणवणं पडद्यावर शिकता येत नाही, आणि शिफारसपत्रासाठी तुम्हाला ओळखणारा प्राध्यापकही तिथेच भेटतो (प्रश्न ९).

शाळेला विचाराल ते ईमेलने विचारा, आणि आलेलं उत्तर जपून ठेवा.

५. मी भारतात इंजिनिअरिंग केलंय. फिजिक्स, केमिस्ट्री झालेलं असूनही पुन्हा का करायचं?

कधी कधी नाही करावं लागत. पण बहुतेकांना करावंच लागतं, त्याची कारणं तीन. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला सहसा एकेकाच सेमिस्टरचं फिजिक्स आणि केमिस्ट्री असतं, इथे दोन-दोन लागतात. गुणपत्रिकेवर लॅब वेगळी दिसली नाही तर ती धरली जाईलच असं नाही. आणि अनेक शाळा प्रीरेक्विझिट अमेरिकेतल्याच कॉलेजातून मागतात, निदान त्यांतला काही भाग तरी.

परदेशी पदवीचं मूल्यमापन डब्ल्यूईएससारख्या संस्थेकडून करून घ्यावं लागतं. त्यात नुसता पदवीचा अहवाल मागवू नका, प्रत्येक विषयाचं क्रेडिट आणि ग्रेड दाखवणारा मागवा. शाळांना तोच लागतो. भारतातल्या विद्यापीठाकडून सीलबंद किंवा थेट पाठवलेल्या गुणपत्रिका यायला महिने जातात, तेव्हा हे काम अगदी पहिलं हाती घ्या.

बारावीचं विज्ञान यात धरलं जात नाही.

६. माझी पदवी तीनच वर्षांची आहे. मग?

इथली बॅचलर्स चार वर्षांची, त्यामुळे ही शंका रास्त आहे. पुढे दोन वर्षांचं एमकॉम, एमए किंवा एमएस्सी केलं असेल तर सहसा प्रश्न सुटतो. फक्त तीन वर्षांची असेल तर मूल्यमापन करणारी संस्था कॉलेजचा नॅक दर्जा आणि तुमची श्रेणी पाहून ती बॅचलर्सच्या बरोबरीची धरू शकते. पण अहवाल अनुकूल आला तरी शेवटचा शब्द शाळेचा. अहवाल हातात आल्याशिवाय कोर्सवर पैसे घालू नका. पदवी कमी पडलीच, तर इथल्या विद्यापीठात क्रेडिट ट्रान्सफर करून बॅचलर्स पूर्ण करता येते, आणि प्रीरेक्विझिट त्याच पदवीत बसवता येतात.

७. जुना जीपीए २.७ आहे. संपलं का?

नाही. पण गणित समजून घ्या. जीपीए म्हणजे सगळ्या ग्रेडची चारपैकी सरासरी. समजा १२० क्रेडिट २.७ ने झालेत. त्यावर तुम्ही ४० क्रेडिट विज्ञानाचे ३.९ ने केलेत, तर एकूण जीपीए बरोबर ३.० होतो. बहुतेक शाळांची किमान अट ३.० असते, म्हणजे इतक्या मेहनतीनंतर तुम्ही जेमतेम दारात पोचता. प्रवेश मिळणाऱ्यांची सरासरी साडेतीनच्या आसपास असते.

इतकंच पाहिलं तर निराशा येईल. पण शाळा एकच आकडा बघत नाहीत. विज्ञानाचा वेगळा जीपीए निघतो, प्रीरेक्विझिटचा वेगळा, आणि काही शाळा शेवटचे ६० क्रेडिट वेगळे पाहतात. वरच्या उदाहरणातल्या उमेदवाराचा ताज्या विज्ञान विषयांचा जीपीए ३.९ आहे, आणि नव्या दिशेने येणाऱ्यांचा अर्ज उचलून धरतो तो हाच आकडा. तेव्हा शाळा निवडताना शेवटचे ६० क्रेडिट किंवा प्रीरेक्विझिट यांना वजन देणाऱ्या शाळा आधी शोधा. आणि एका सेमिस्टरला तीन लॅब कोर्स घेऊन तीनांत बी मिळवण्यापेक्षा दोन घेऊन दोन्हींत ए मिळवा. घाईने पाडून घेतलेला जीपीए वर काढणं फार महाग पडतं.

८. केमिस्ट्रीत सी आला होता. पुन्हा केला तर जुना पुसला जातो का?

तुमच्या कॉलेजात पुसला जात असेल, पीटीकॅसमध्ये नाही. तिथे दोन्ही प्रयत्न हिशेबात धरले जातात. काही शाळा मात्र स्वतःच्या हिशेबात नंतरचा किंवा चांगला ग्रेड घेतात. सी चालत असेल आणि बाकीचं चांगलं असेल, तर तोच कोर्स परत करण्यापेक्षा वरचा एखादा कोर्स करून त्यात ए मिळवणं अनेकदा फायद्याचं ठरतं.

अर्जात प्रत्येक कॉलेजची ट्रान्स्क्रिप्ट द्यावी लागते. मध्येच सोडलेला एकुलता एक कोर्ससुद्धा लपवू नका.

९. कॉलेज सोडून बारा वर्षं झाली. शिफारसपत्र कोण देणार?

शाळा साधारणपणे एक पत्र लायसन्स असलेल्या फिजिकल थेरपिस्टचं आणि एक प्राध्यापकाचं मागतात. तिसरं असेल तर वरिष्ठ किंवा मॅनेजरचं चालतं. थेरपिस्टचं पत्र ऑब्झर्व्हेशनमधून, म्हणजे त्यांच्या शेजारी राहून काम पाहण्यातून, येतं (प्रश्न १०), प्राध्यापकाचं आत्ता करत असलेल्या प्रीरेक्विझिटमधून. म्हणून ॲनॅटॉमीच्या वर्गात पहिल्या आठवड्यापासून ऑफिस अवर्सना, म्हणजे प्राध्यापकांच्या विद्यार्थ्यांना भेटायच्या वेळांना, जा. मागच्या बाकावर बसून ए मिळवणाऱ्याबद्दल प्राध्यापकाला चार ओळींपलीकडे लिहिता येत नाही.

नोकरीतल्या मॅनेजरचं पत्र कमी लेखू नका. रागावलेल्या ग्राहकाला तुम्ही कसं सांभाळलंत, हे त्या पत्रात असेल तर ते आमच्या कामाच्या फार जवळचं आहे. नातेवाईक आणि कुटुंबाचे मित्र मात्र नकोत.

१०. ऑब्झर्व्हेशन अवर्स किती लागतात, आणि मिळवायचे कसे?

काही शाळा एकही तास मागत नाहीत, काही शंभर किंवा जास्त मागतात, आणि काहींना ते दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणचे हवे असतात. थेरपिस्टच्या लायसन्ससकट तासांची पडताळणी होते. फिजिकल थेरपिस्ट असिस्टंट किंवा कायरोप्रॅक्टरबरोबरचे तास सहसा धरत नाहीत.

मोठ्या हॉस्पिटलात व्हॉलंटियर ऑफिसमधून जावं लागतं. लसीकरणाची नोंद, टीबी टेस्ट, गोपनीयतेचं प्रशिक्षण यांत काही आठवडे जातात. लहान आउटपेशंट क्लिनिकमध्ये प्रत्यक्ष जाऊन विचारलेलं लवकर फळतं. जमलं तर रिहॅब टेक किंवा एड म्हणून पगारी अर्धवेळ नोकरी धरा. पगार थोडा असतो, पण तास पडतात आणि थेरपिस्ट तुम्हाला खऱ्या अर्थाने ओळखू लागतात.

शाळेने मागितले नसले तरी निदान दोन प्रकारची ठिकाणं बघाच. खेळाडूंच्या क्लिनिकमध्ये गुडघा वाकवून अंश मोजताना पाहणं निराळं, आणि नर्सिंग होममध्ये आजींना टॉयलेटपर्यंत चालवत नेणं निराळं. ते दुसरं पाहिल्यावरही हे काम करावंसं वाटत असेल, तर पुढे या.

११. जीआरई द्यावी लागते का?

ही पदव्युत्तर प्रवेशाची सर्वसाधारण परीक्षा. अनेक शाळांनी ती काढून टाकली आहे, काहींची अजून आहे. तुमच्या तक्त्यातल्या एक-दोनच शाळा मागत असतील तर त्या शाळा खरंच हव्यात का, हे आधी ठरवा. स्कोअर पाच वर्षं चालतो.

१२. निबंधात करिअर बदलाबद्दल काय लिहू?

पीटीकॅसच्या निबंधाला स्पेस धरून ४,५०० अक्षरांची मर्यादा असते. जागा तशी थोडीच. आधीच्या नोकरीचा कंटाळा आला हे लिहू नका. वाचणाऱ्याला प्रश्न पडतो की याचाही कंटाळा आला तर? जुन्या कामातलं काय इथे येताना बरोबर आणताय, ते एका प्रसंगातून दाखवा. शिक्षिका असाल तर एकच गोष्ट पाच जणांना पाच पद्धतींनी समजावणं. सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये असाल तर लक्षणापासून कारणापर्यंत पायरी-पायरीने मागे जाणं. व्यायाम समजला नाही म्हणून घरी न करणारे रुग्ण आम्ही रोज पाहतो, त्यामुळे समजावता येणारा माणूस आम्हाला हवाच असतो.

आजीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची गोष्ट बहुतेक निबंधांत असते. तुमच्याही बाबतीत खरी असेल तर लिहा, पण दोन ओळींत.

१३. पूर्णवेळ नोकरी सांभाळून हे सगळं किती वर्षांत होतं?

शून्यापासून सुरुवात असेल तर दोन वर्षं धरा. ॲनॅटॉमी, केमिस्ट्री, फिजिक्स या तिन्हींत पहिला कोर्स झाल्याशिवाय दुसरा घेता येत नाही, आणि काही कॉलेजांत ॲनॅटॉमीच्या आधी बायॉलॉजी करावी लागते. त्यामुळे साखळी लांबते. पहिल्या सेमिस्टरला बायॉलॉजी आणि स्टॅटिस्टिक्स घेऊन अभ्यासाची सवय लावा, सायकॉलॉजी उन्हाळ्यात उरका.

पीटीकॅसवर अर्ज साधारण जूनच्या मध्यात उघडतात, पुढच्या वर्षी सुरू होणाऱ्या तुकडीसाठी. अनेक शाळा अर्ज येतील तसे तपासत जातात, तेव्हा शेवटच्या तारखेची वाट पाहू नका. एक-दोन प्रीरेक्विझिट चालू असताना अर्ज करता येतो. मात्र किती शिल्लक चालतात ते शाळा ठरवते.

१४. वय ४२ आहे. उशीर झालाय का?

प्रवेशाला वयाची अट नाही. वर्गात बहुतेक जण विशीतले असतील आणि पाठांतरात पुढे जातील. रुग्णाशी बोलण्यात तुम्ही पुढे असाल. शरीराचा विचार मात्र प्रामाणिकपणे करा. दिवसभर उभं राहणं, वाकणं, रुग्णाचं वजन पेलणं यातून सुटका नाही. आणि प्रश्न १६ मधला पैशांचा हिशेब पुढच्या वीस वर्षांवर मांडा, चाळीसवर नाही.

१५. डीपीटी नोकरी करत, ऑनलाइन करता येते का?

पूर्ण ऑनलाइन नाही. हायब्रिड शाळा आहेत: बेलर, साउथ कॉलेज, टफ्ट्स वगैरे. तिथे थिअरी घरून असते, लॅबसाठी काही दिवस कॅम्पसवर जावं लागतं आणि क्लिनिकल प्रॅक्टिस पूर्णवेळ करावी लागते. बेलर आणि साउथ कॉलेजच्या हायब्रिड कोर्सला तर साधारण दोनच वर्षं लागतात, म्हणजे तोच अभ्यास दाबून बसवलेला. घर न हलवता शिकता येतं हा त्यांचा मोठा फायदा. नोकरी चालू ठेवता येईल हे मनातून काढून टाका.

१६. एवढा खर्च करून परवडतं का? त्यापेक्षा असिस्टंटचा कोर्स बरा का?

खाजगी शाळेची फी तीन वर्षांत एक लाख डॉलरच्या वर सहज जाते. राज्याच्या विद्यापीठात तिथल्या रहिवाशांना बरीच कमी पडते. २०२४ मध्ये फिजिकल थेरपिस्टचा मध्यम वार्षिक पगार सुमारे १,०१,००० डॉलर होता. कर्जाच्या मानाने हा पगार डॉक्टर किंवा डेंटिस्टसारखा नाही, म्हणून शाळेच्या नावापेक्षा फीकडे बघा, असं मी कळकळीने सांगते. कुठल्याही मान्यताप्राप्त शाळेतून आलात तरी परीक्षा तीच आणि लायसन्स तेच.

फेडरल कर्जाचे नियम बदललेत. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस, म्हणजे पदव्युत्तर विद्यार्थ्यांना मिळणारं जादा फेडरल कर्ज, बंद झालं आहे. पदव्युत्तर शिक्षणाची सर्वसाधारण मर्यादा वर्षाला २०,५०० आणि एकूण १ लाख डॉलर, तर 'प्रोफेशनल' पदव्यांची वर्षाला ५०,००० आणि एकूण २ लाख डॉलर. तुमच्या तुकडीच्या डीपीटीला कोणती मर्यादा लागू होईल, हे शाळेच्या फायनान्शियल एड ऑफिसकडून डिपॉझिट भरण्याआधी लेखी घ्या.

असिस्टंट, म्हणजे पीटीए, हा साधारण दोन वर्षांचा असोसिएट डिग्रीचा कोर्स आहे. रुग्णाबरोबरचं काम बरंचसं तेच, पण तपासणी करून उपचारांची दिशा थेरपिस्ट ठरवतो. मध्यम पगार ६५,००० डॉलरच्या आसपास. चाळिशीनंतर, कर्ज नको असणाऱ्यांसाठी हा उत्तम मार्ग आहे, त्यात कमीपणा काही नाही. मात्र पीटीए ही डीपीटीची पहिली पायरी समजू नका. तिचे क्रेडिट फारसे धरले जात नाहीत. असिस्टंटना थेरपिस्ट करणारे युनिव्हर्सिटी ऑफ फिंडलीसारखे ब्रिज कोर्स मोजकेच आहेत.

१७. मी एच-४ व्हिसावर आहे. शिकता येईल का?

एच-४ म्हणजे एच-१बी वर काम करणाऱ्याच्या जोडीदाराचा व्हिसा. त्यावर शिकता येतं, पूर्णवेळही, व्हिसा न बदलता. अडचण शिक्षण संपल्यावर येते. एच-४ वर वर्क परमिट, म्हणजे ईएडी, नसेल तर लायसन्स मिळूनही नोकरी करता येत नाही. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर बदललं तर डीपीटीनंतर बारा महिन्यांचं ओपीटी, म्हणजे शिक्षणाशी संबंधित काम करण्याची परवानगी, मिळू शकतं. ईएडी मिळेल का, हे जोडीदाराचं ग्रीन कार्ड प्रकरण कुठवर आलंय त्यावर अवलंबून आहे. फेडरल कर्ज एच-४ किंवा एफ-१ वर मिळत नाही, ग्रीन कार्डवर मिळतं. रहिवाशांची फी लागू होते का, हे प्रत्येक राज्य वेगळं ठरवतं.

एक जमेची बाजू: फिजिकल थेरपिस्ट हा व्यवसाय ग्रीन कार्डच्या नियमांत शेड्यूल ए मध्ये येतो, म्हणजे नोकरी देणाऱ्याला पर्म ही लेबर सर्टिफिकेशनची पायरी करावी लागत नाही. ग्रीन कार्डची रांग मात्र टळत नाही. व्हिसाचा निर्णय इमिग्रेशन वकिलाशी बोलूनच घ्या.

१८. मी भारतात बीपीटी केलंय. मलाही डीपीटी करावी लागेल?

बहुधा नाही, आणि हे माहीत नसल्याने काही जण नको तो खर्च करून बसतात. परदेशात शिकलेल्या थेरपिस्टसाठी वेगळा मार्ग आहे: एफसीसीपीटीसारख्या संस्थेकडून शिक्षणाची तुलना करून घ्यायची, कमी पडलेले विषय भरून काढायचे, मग राज्याच्या परवानगीने एनपीटीई द्यायची. विषय भरून काढण्यासाठी अनेक जण ट्रान्झिशनल डीपीटी करतात. ती आधीच थेरपिस्ट असलेल्यांसाठी असते. बीकॉम किंवा इंजिनिअरिंगवाल्यांना तिचा उपयोग नाही. एनपीटीई वर्षात तीनदा आणि आयुष्यात एकूण सहादाच देता येते, तेव्हा 'बघू तरी' म्हणून बसू नका.

१९. नव्या शाळेत जागा मिळतेय, पण तिला 'कँडिडेट' दर्जा आहे. जाऊ का?

हा दर्जा म्हणजे कॅप्टीची प्राथमिक संमती. पूर्ण मान्यता पहिली तुकडी बाहेर पडण्याच्या सुमारास ठरते. ती मिळाली तर काही अडत नाही. नाकारली गेली तर परीक्षेला बसण्याची पात्रताच धोक्यात येते. जुन्या विद्यापीठाने नवा विभाग काढला असेल तर धोका कमी, पण तो शून्य नसतो.

जुन्या शाळांचं पदवी पूर्ण होण्याचं आणि एनपीटीई उत्तीर्ण होण्याचं प्रमाण त्यांच्या वेबसाइटवर असतं. ते जाहीर करणं बंधनकारक आहे. कॅप्टीला दोन वर्षांच्या सरासरीने अंतिम निकाल किमान ८५ टक्के लागतो. त्या काठावर अडखळणारी शाळा टाळा.

२०. सगळीकडून नकार आला. आता?

आधी शाळांना विचारा. बऱ्याच शाळा अर्जात काय कमी पडलं ते सांगतात, पण सहसा प्रवेशांचा हंगाम संपल्यावर आणि तुम्ही मागितलं तरच. मग कारणानुसार पुढची पावलं. मुलाखतीपर्यंतही बोलावणं आलं नसेल तर बहुधा जीपीए, शाळांची निवड किंवा उशिरा केलेला अर्ज (प्रश्न ७ आणि १३). मुलाखतीनंतर नकार आला असेल तर बोलण्याचा सराव करा; काही ठिकाणी पाच-सात मिनिटांच्या छोट्या छोट्या मुलाखती एकामागून एक घेतात, आणि वर्षानुवर्षं ऑफिसच्या मीटिंगांची सवय असलेले लोक तिथे फार लांबण लावतात.

वेटिंग लिस्टवर असाल तर फोन हाताशी ठेवा. वर्ग सुरू व्हायच्या आठवडाभर आधीही जागा सुटतात, आणि उत्तर द्यायला अनेकदा एखाद-दोन दिवसच मिळतात. ट्रान्स्क्रिप्ट, लसीकरणाची नोंद आणि डिपॉझिटचे पैसे आधीच तयार ठेवलेत तर त्या दोन दिवसांत होकार देता येतो.